व्हिडिओबाहेरची खाट

वनमाला : म्हणजे माझ्या लेकराला माझी वढ न्हाई, असंच ना ताई?

(धर्मापुरी. कलतं ऊन. ओसरीवर वनमाला, शेजारी तिची सासू तुळजाबाई, मांडीवर पेंगणारा नातू अमर. बीडहून आई-बाळाच्या नात्यावरच्या संशोधनासाठी आलेली लुबना मोबाइलवर नुकताच काढलेला व्हिडिओ बघतेय. अंगणात लिंबाखाली खाटेवर सासरे अर्जुनराव.)

लुबना : असं नाही म्हटलं मी, वहिनी. आईनं जरा बाहेर जायचं, परत यायचं, आणि बाळ काय करतं ते बघायचं, एवढीच पद्धत. तुम्ही परत आलात, पण अमर मावशींच्या मांडीवरून हललाच नाही.

तुळजाबाई : हलंल कावून? पोट भरलेलं, मांडी वळखीची.

लुबना : मावशी, तुम्ही खरं तर इथं बसायलाच नको होतं.

तुळजाबाई : अगं बाई! मग माझ्याच घरात मी जाऊ कुठं?

लुबना : वहिनी, तुम्ही हात का नाही पुढं केलात? दारातच थांबलात.

वनमाला : मामा बसलेले ना समोर. त्यांच्यासमोर आपलंच लेकरू कसं घ्यावं? लाज वाटती. आत नेल्यावर घेते की! लई घेते. त्याच्या टाळूचा वास घेत बसते. पर तवा तुमी नसता.

लुबना : व्हिडिओत खाट आलीच नाही. हा ज्यांना पाठवायचा, त्या परदेशातल्या मॅडमना एवढंच दिसेल, आई दारात थांबली आणि बाळानं बघितलंही नाही. ते लोक याला दुरावा म्हणतात.

वनमाला : खरंच असंल का वो? ह्यो मोठा झाला आन् सगळ्यांसारखं मला वहिनीच म्हणला तर?

लुबना : सासरे समोर होते, हे मी लिहीन. पण तिथं कुणाला कळेल का, माहीत नाही. खोटं कशाला सांगू?

तुळजाबाई : माझ्या पोटचा अंगद, हिचा नवरा, मला वहिनीच म्हणतो.

वनमाला : आत्या...

तुळजाबाई : माझा सासरा दिसभर ह्याच ओसरीवर. अंगदला नणंदांनी खेळवलं, मी चुलीपासून बघायची. अजून सपनात येतो गं. एवढासाच. रांगत येतो, सगळीकडं मऊ ऊन पडलेलं, आन् मी भर अंगणात त्याला उचलते. सासरा नुस्ता हसतो. मग जाग येती, हात रिकामे. म्हणून ह्याला खाली ठिवू वाटत न्हाई मला. तुझा जीव तुटतो, कळतंय मला.

वनमाला : तसं न्हाई वो आत्या.

तुळजाबाई : तसंच हाय. घे त्याला. हितंच घे.

वनमाला : मामा जागे हायेत!

अर्जुनराव : मी झोपलोय, सूनबाई.

वनमाला : ये माझ्या राजा... बघा, रडायलाय. तुमच्याकडंच हात करायलाय.

तुळजाबाई : रडू दे. मी तोंड फिरवते. सोडू नको बरं.

लुबना : मी मोबाइल ठेवून देते, मावशी.

वनमाला : न्हाई रे, न्हाई. हाय ना मी... आत्या, गप झाला. पदर धरलाय मुठीत.

तुळजाबाई : धरू दे गं. माझ्या वक्ताला कुणालाच ह्यांच्यासारखी झोप आली न्हाई.