झाकणावरचं अक्षर

(कोरियातल्या इंचॉन शहरातलं सार्वजनिक न्हाणीघर, बायकांची बाजू, रविवारची दुपार. सगळीकडे वाफच वाफ. कढत हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या दोन सख्ख्या बहिणी.)

सेरिन : हसतेस काय ताई? दारावरच्या बाईने खुशाल पुरुषांच्या बाजूच्या कपाटाची किल्ली ठेवली माझ्या हातावर!

युन्जू : इतके बारीक केस कापल्यावर ती बिचारी काय करणार? मागून तू मलासुद्धा धाकट्या मामासारखी दिसतेस.

सेरिन : हलकं वाटतं गं. डोळे मिटले की वाटतं, या वाफेबरोबर वर वर जाईन.

युन्जू : जा. पण आधी सांग, तुझा तो व्हिडिओ किती जणींनी पाहिला?

सेरिन : चार लाख. का, तू पाहिलास?

युन्जू : माझ्या मेकअपच्या काउंटरवरच्या पोरींनी दाखवला. पांढऱ्या कागदावर पावडरी फोडल्यास, लिपस्टिकी चिरडल्यास. रंग काय सुंदर सांडले होते, खोटं कशाला बोलू? मग ते लाल झाकण आलं.

सेरिन : कुठलं झाकण?

युन्जू : "मुलाखतीला हसत जा." तुझ्या मुलाखतीला मीच दिलेल्या डबीचं, सोनेरी पेनाने लिहिलेलं. अगं, मेकअप विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डबीवर मी असे दोन शब्द लिहून देते. दहा वर्षं झाली. अख्खं दुकान माझं अक्षर ओळखतं.

सेरिन : अगं आई गं! शप्पथ ताई, मी पाहिलंच नाही. सध्या सगळ्याच जणी केस कापून, मेकअप झुगारून डब्या फोडतायत, मीही भराभर...

युन्जू : व्हिडिओखाली काय काय लिहिलंय लोकांनी. "पोरीच्या पायात बेड्या घालणारी ही बाहुली कोण?" सातशे जणींनी त्याला बदाम दिलाय. त्यात एक तुझा.

सेरिन : मी सगळ्यांनाच देत सुटले होते. न वाचता.

युन्जू : हं.

सेरिन : चुकले गं. माझा हात झडो. थांब, फोन आणते, सगळंच काढून टाकते.

युन्जू : बस खाली. रंगवलेल्या भुवया धुऊन गेल्या की मी चिडलेली दिसत नाही, म्हणून तुला कळत नाहीये किती चिडलेय ते.

सेरिन : मग ओरड ना माझ्यावर!

युन्जू : ओरडवत नाही. या पाण्यात माझा राग टिकतच नाही मेला. आणि... मीही एकदा मेकअप न करता, कोऱ्या तोंडाने कामावर गेले होते.

सेरिन : तू?

युन्जू : चार वर्षं झाली. सकाळी आरशात बघितलं नि वाटलं, असू दे, आज हीच जाऊ दे. बसची खिडकी उघडी होती. गालांना वारा लागत होता, नुसत्या गालांना. सगळा रस्ता झोपेत चालल्यासारखा. उतरूच नये असं वाटलं.

सेरिन : मग?

युन्जू : मग काय! मॅनेजर बाईंनी आठव्या मिनिटाला आत पिटाळलं. खोक्यांच्या खोलीत बसून तोंड रंगवलं. रडायचीही सोय नाही, काजळ फिसकटतं.

सेरिन : मला कधी बोलली नाहीस.

युन्जू : तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, फी माझ्या पगारातून जायची. नोकरी सोडून बसायची चैन आपल्याला कुठली?

घासणारी मावशी : अंग मऊ झालं का गं पोरींनो? पाठ घासून घ्यायला कोण येतंय आधी?

सेरिन : आज नको मावशी. ताईची पाठ मी घासते.

घासणारी मावशी : घासा बाई. आणा माझ्या पोटावर पाय!

युन्जू : हळू गं, सालटं काढतेस की काय! हां, अशी. ऐक, व्हिडिओ राहू दे.

सेरिन : राहू दे?

युन्जू : परवा एक शाळकरी पोर आली काउंटरवर. लिपस्टिक उचलली, बघितली, ठेवून दिली. म्हणाली, "नको, नुसता रंग बघायचा होता." मला इतकं बरं वाटलं! आणि मी तिथे विकायला उभी.

सेरिन : मग खाली काय लिहू? माफी?

युन्जू : माफी नको. लिही, हे अक्षर माझ्या ताईचं आहे. आणि माझं नाव लिही. पूर्ण.

सेरिन : उद्या तुझ्या मॅनेजर बाई वाचतील ते. तुला काढलं तर?

युन्जू : उद्याचं उद्या बघू. तू घास. अजून थोडं वर, दोन खांद्यांच्या मधे. तिथे माझा हात पोचत नाही.