मोकळी जागा

वॉल्टर : चमचा दे, एनिड.

एनिड : चहात आहे, बाबा.

वॉल्टर : मग चहा संपव. फ्रेमचा शेवटचा सांधा वाजवून बघायचाय.

एनिड : मी जोडलाय. चांगलाच वाजेल.

वॉल्टर : ऐक! घंटेसारखा. बर्मिंगहॅमचे कारखानेवाले दिवसाला शंभर मोटारसायकली काढतात, आपण वर्षाला चार. पण असा सांधा दाखवा म्हणावं! घे पंच. सांध्यावर जोडणाऱ्याचं अक्षर ठोक. तुझं.

एनिड : तुमचंच ठोका.

वॉल्टर : सहा वर्षं माझे हात थरथरतायत. जोडतेस तू आणि अक्षर माझं. लाज वाटते गं.

एनिड : बाईनं जोडलेल्या गाडीवर शर्यतीत कोण बसेल? तुमचा क्लिफ तरी बसेल?

वॉल्टर : विचारलंस कधी त्याला?

एनिड : ठोका आणि चला. मासे-बटाटे गार होतायत.

वॉल्टर : नाही ठोकत जा! जागा मोकळी ठेवतो. उद्या तू ठोक.

(दुसऱ्या दिवशी पहाटे वॉल्टर गेले. नऊ दिवसांनी, त्याच शेडमध्ये, त्यांचा शर्यतपटू क्लिफ टोपी हातात घेऊन उभा आहे.)

क्लिफ : बर्मिंगहॅमवाले गाडी देतायत. मॅन बेटावरची शर्यत तीन आठवड्यांवर आलीय, एनिड. मी हो म्हणालो.

एनिड : ही तयार आहे की.

क्लिफ : इथं वॉल्टरचं अक्षर कुठाय? अक्षर नाही त्या गाडीवर बसायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं मला.

एनिड : चमच्यानं वाजवून बघ.

क्लिफ : मला काय डोंबल कळतंय त्यातलं? मी त्यांच्या हातांच्या भरवशावर बसायचो.

एनिड : गेल्या वर्षी उतारावर भिंतीला धडकलास. फ्रेम कशी होती?

क्लिफ : सरळ. म्हणून तर जिवंत आहे. कबरीपाशी बोललोच ना, वॉल्टरच्या हातांनी मला वाचवलं.

एनिड : बोललास. मी ऐकलं ते.

क्लिफ : मग?

एनिड : ते हात माझे होते. सहा वर्षांतली प्रत्येक फ्रेम मी जोडली. तू बसलास ती प्रत्येक.

क्लिफ : चेष्टा पुरे, पोरी.

एनिड : खुशाल जा बर्मिंगहॅमला. ही गाडी बेटावर जाणार. बसणारा मी शोधेन. जाण्याआधी एवढी फ्रेम घट्ट धर.

क्लिफ : काय करतेयस?

एनिड : अक्षर ठोकतेय.

क्लिफ : वॉल्टरचं?

एनिड : माझं. बाबा म्हणाले होते, उद्या ठोक. नऊ दिवस उशीर झाला.