चार नंबरचा आवाज

लेक : हसू नका बाबा. नीट बसवा ते कानांवर. आडवं नाही, सरळ.

वडील : जन्मभर लोकांच्या नाकाकानांवर वस्तू बसवत आलो, आणि आता तू मला शिकव. घट्ट आहे हे. असा घट्ट चष्मा मी दिला असता, तर गिऱ्हाइकानं माझ्याच डोक्यात हाणला असता.

लेक : हेडफोन घट्टच हवा. रस्त्यावरचा गोंगाट आत यायला नको. मागे टेका जरा.

वडील : या खुर्चीत मी आजवर बसलो नाही. गिऱ्हाईक इथं बसायचं, आणि मी तिथं, तुझ्या जागी, 'आता कसं दिसतं' म्हणून विचारत. बरं. बोला डॉक्टरीणबाई.

लेक : अजून झाले नाही मी डॉक्टर.

वडील : सहा वर्षं झाली. एव्हाना खऱ्या डॉक्टरनं गावातली निम्मी पोटं फाडून शिवली असती.

लेक : झालं बोलून? ऐका आता. सहा तुकडे आहेत. सहा चित्रपटांतले, सहा नट्यांचे. चित्र दाखवणार नाही, नुसता आवाज. या नट्यांना आपली भाषा येत नव्हती. त्या पडद्यावर ओठ हलवायच्या आणि त्यांच्या बदली डबिंगवाल्या बायका बोलायच्या. आई ज्या स्टुडिओत जायची तिथं अशा चौघी होत्या, आई धरून. पडद्यावरच्या नावांच्या पाटीत चहावाल्याचेसुद्धा आभार मानलेत, पण या चौघींतली एकही नाही.

वडील : ते मला सांगू नकोस. ती पाटी वाचून तुझी आई दोन दिवस जेवली नव्हती.

लेक : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

वडील : तू कधी विचारलंस?

लेक : सहा वर्षं विचारतेय बाबा! दर वेळी एकच उत्तर. 'आज नको.' आता मात्र तिसरं प्रकरण इथंच अडलंय. गाईडबाई म्हणाल्या, निनावी आवाजांवर अख्खा प्रबंध लिहितेस, निदान एका आवाजाला तरी नाव दे.

वडील : त्यांना ठाऊक आहे, ते नाव कुणाचं असणार ते?

लेक : पहिल्याच वर्षी सांगितलं. म्हणून तर जास्त कडक आहेत. वडिलांना विचार म्हणाल्या, पण लाडानं नको, परीक्षा घेतल्यासारखं विचार. लेकीनं हट्ट धरला आणि बापानं मान डोलावली, असं तोंडी परीक्षेत कुणी म्हणता कामा नये.

वडील : शहाण्या आहेत बाई.

गिऱ्हाईक : अहो चष्मेवाले, आहात का आत? अगबाई, आज तुम्हीच खुर्चीत?

वडील : लेक माझे कान तपासतेय काकू. या. काय म्हणतो चष्मा?

गिऱ्हाईक : काय म्हणायचंय! परवा नेला तसा डोकं दुखवतोय. वाचायला बसलं की अक्षरं नुसती पोहतात.

वडील : आणा बघू. काच बदलून देतो, उभ्या राहा दोन मिनिटं… हं. घाला आता. समोरची पाटी वाचा.

गिऱ्हाईक : अहाहा! आता कसं लख्ख! हेच आधी द्यायला तुमचे हात मोडले होते का?

वडील : चुकलं काकू. सुनेला सांगा दिवा जरा जवळ लावायला.

गिऱ्हाईक : तिला कुठला वेळ! येते हो. तुमच्या लेकीला म्हणावं, कानांबरोबर तुमची जीभही तपास.

लेक : बाबा, काच कधी बदललीत तुम्ही? नुसती पुसलीत.

वडील : तेवढंच हवं होतं त्यांना. नंबर खरंच चुकला असता तर दुसऱ्यांदाही म्हणाल्या असत्या, पोहतायत म्हणून. तीच काच परत देऊन बघावी लागते कधीकधी. लाव तुझं काय ते.

लेक : एक नंबर.

वडील : …नाही. ही नाकातून बोलते.

लेक : दोन.

वडील : नाही. केवढं रडतेय ही! तुझी आई रडायला लागली की आधी खिडकी लावून घ्यायची. नाही, ही नव्हे.

लेक : तीन.

वडील : पाणी दे गं जरा.

लेक : ही आहे का?

वडील : नाही, नाही. पाणी पाहिजे, बाकी काही नाही. तुला एक सांगू? मी तिचा एकच चित्रपट बघितलाय. तोही मध्यंतरापर्यंत.

लेक : का?

वडील : का म्हणजे काय! समोर कोण कुठली गोरीपान बाई, तिच्या तोंडात माझ्या बायकोचा आवाज, आणि ती त्या मिशीवाल्याला म्हणतेय, 'तुमच्याशिवाय मी जगायची नाही.' सगळं थिएटर हळहळतंय आणि मी आपला खुर्चीचा हात दाबून धरलाय. घरी आलो तर तुझी आई विचारते, कसं झालं माझं काम? म्हटलं, मिशी खोटी होती त्याची.

लेक : बाबा!

वडील : मग काय बोलणार होतो? ती हसली. पण पुन्हा कधी तिनं मला बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. वाटलं, आहेत की पुढं पुष्कळ चित्रपट. चल, चौथा लाव.

(ती चौथा तुकडा लावते.)

वडील : हीच.

लेक : नक्की?

वडील : अगं, नक्की काय विचारतेस! हीच. शब्द संपवताना बघ, आवाज खाली ठेवते, एखादी बशी ठेवावी तसा. देवा रे. जिवंत माणूस बोलल्यासारखं वाटतं गं. पुन्हा लाव.

लेक : आधी पाच आणि सहा ऐका.

वडील : बायको सापडली मला. आता परक्या बायका कशाला ऐकवतेस?

लेक : पद्धत असते बाबा. सहाही ऐकायचे.

वडील : राहू दे तुझी पद्धत! एवढीशी होतीस तू. दोन वर्षांचं पोर, आई गेली तेव्हा कुणाच्या मांडीवरून उतरत नव्हतीस. तुला तिचं काही आठवत नाही म्हणून मी किती… आणि आता सापडली, तर तू त्या यंत्राकडे बघत बसलीस. इकडे बघ. आनंद झाला ना?

लेक : झाला ना. खूप झाला.

वडील : हे अगदी काकूंसारखं म्हणालीस.

लेक : म्हणजे?

वडील : 'आता कसं लख्ख.' तू मला काय ऐकवलंस खरंखरं?

लेक : काही नाही. चार नंबर बरोबर आहे. तेच लिहीन मी प्रकरणात.

वडील : समोर माणूस बसवून मी उभा जन्म हेच केलंय. दिसत नसताना दिसतं म्हणणाऱ्याचा चेहरा मला कळतो. बोल.

लेक : बाबा, सहांपैकी एक तुकडा मी मुद्दाम घातला होता. ज्याची खात्री आहे असा. साक्षीदार खरंच ओळखतो की ओळखावंसं वाटतं म्हणून ओळखतो, ते बघायला.

वडील : चौथा.

लेक : चौथा. चौघींतल्या एक बाई अजून आहेत. मी त्यांच्या घरी गेले, हा तुकडा लावला, तर त्यांनी पुढची सगळी वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. आवाज थकलाय, पण तोच आहे. तो त्यांचा आहे बाबा. आईचा नाही.

वडील : मग त्यांनाच विचारायचं होतंस, आईचा कुठला ते.

लेक : विचारलं. त्या म्हणाल्या, एकेकीला एकटीलाच आत उभं करायचे आणि काम झालं की रिक्षात बसवून द्यायचे. दुसरीचं काम ऐकायला कुणी थांबतच नसे. त्यांना फक्त आईची पर्स आठवते. हिरवी.

वडील : हिरवीच होती.

लेक : बाबा…

वडील : रोज संध्याकाळी शटर ओढताना मला तिचा आवाज ऐकू येतो. 'झालं का बंद?' एवढंच. तुला कधी सांगितलं नाही, म्हातारा चळला म्हणशील. पण रोज येतो. इतकी वर्षं. मला वाटायचं, बाकी सगळं जाईल, चेहरासुद्धा फोटोतलाच होऊन बसलाय, पण आवाज माझ्याकडे आहे. तो मी जपलाय. मग हा मी कुणाचा जपला?

लेक : चूक माझी आहे. असलं काही तुमच्यावर करायला नको होतं.

वडील : तुझी नाही. गाईडबाईंचीही नाही. लाव ते पाच आणि सहा.

लेक : नको.

वडील : लाव म्हणतो ना.

लेक : …पाच.

वडील : पुढचा लाव.

लेक : सहा.

वडील : काढून घे हे कानावरचं. मला ठाऊक नाही. हो म्हणायची भीती वाटते आणि नाही म्हणायचीही. पाचव्या तुकड्यात ती असेल. पहिल्यातही असेल, नाकातून बोलायला सांगितलं असेल तिला कुणी. मी तिला माझ्यापुढं बसवून नाही म्हणालो असेन.

लेक : पुरे बाबा. मी लिहीन, ओळख पटली नाही.

वडील : मग तुझी पदवी अडणार?

लेक : नाही अडत. ओळख पटली नाही, हेही लिहिता येतं. उलट गाईडबाई म्हणतील, प्रामाणिक आहे.

वडील : मग डोळे कशाला पुसतेस?

लेक : प्रबंधाचं होईल हो काहीतरी. मला आई ऐकायची होती. बाकीच्यांना सांगायला प्रबंध आहे. इतक्या चित्रपटांचे आवाज मी काढून काढून ऐकले, अंथरुणात, बसमध्ये, भांडी घासताना. दर वेळी वाटायचं, ही असेल. मग दुसरी लागली की वाटायचं, नाही, ही. सगळ्याच माझ्याशी बोलल्यासारख्या वाटतात, आणि सगळ्याच त्या मिशीवाल्याशी बोलत असतात.

वडील : ये इकडे. बस. त्या स्टुलावर नको, इथं.

लेक : तुम्ही तरी कसे विसरलात बाबा? रागानं नाही विचारत. तीन वर्षांचा संसार होता तुमचा.

वडील : तेच शोधतोय मी केव्हापासून. थांब जरा. संसार तीन वर्षांचा, पण ती बोलली किती? सकाळी काम असलं की आदल्या संध्याकाळपासून तोंड मिटून. घसा जपायचा. मला हाक मारायची तर टाळी वाजवायची. दोन टाळ्या म्हणजे जेवायला या, एक म्हणजे दार लावा.

लेक : आणि तीन?

वडील : तीन म्हणजे भांडण. फार वाजायच्या तीन. अगं, टाळ्यांनी भांडायचो आम्ही! शेजारी म्हणायचे, यांच्याकडे रोज कसला कार्यक्रम असतो!

लेक : तुम्हीही टाळ्याच वाजवायचात?

वडील : मी ओरडायचो, ती टाळ्या वाजवायची. जिंकायची तीच. आणि बोललीच, तर कुजबुजायची. घरात ती सगळं कुजबुजूनच बोलायची. मोकळा, भरलेला आवाज तिनं स्टुडिओतल्या त्या काचेच्या खोलीत दिला, पगारापोटी. आमच्या वाट्याला आला तो हा, नुसता वाऱ्यासारखा. यात तो कसा सापडणार? असल्या आवाजाचं कोण काय रेकॉर्ड करणार?

लेक : म्हणजे तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही तो ऐकलाच नव्हता.

वडील : एकदा ऐकला. मध्यंतरापर्यंत.

लेक : आणि माझ्याशी? माझ्याशी तरी बोलायची ना ती?

वडील : तुझ्याशीच तर सगळ्यात जास्त बोलायची. रात्री झोपवताना तुझ्या कानाला तोंड लावून. गुदगुल्या व्हायच्या तुला, खिदळायचीस, आणि मग झोप उडाली म्हणून बोलणी मात्र मलाच.

लेक : काय बोलायची?

वडील : रोज तेच. गोष्ट नाही, गाणं नाही. दोनतीन शब्दच.

लेक : तुम्हाला आठवतात?

वडील : भिंतीला टेकून बसलेलो असायचो मी. ऐकू यायचं.

लेक : मग म्हणून दाखवा.

वडील : मला तिच्यासारखं नाही यायचं गं. माझा घसा बघ कसला, पत्र्यासारखा.

लेक : कुजबुजताना सगळ्यांचाच आवाज सारखा होतो बाबा. एवढं तरी सहा वर्षांत शिकलेय मी.

वडील : खरंच?

लेक : खरंच. म्हणा ना.

वडील : जवळ ये मग. आणखी. एवढ्या लांबून नाही ते ऐकू यायचं.