दिव्यात अडकलेले केस

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी नवरा-बायको बसले होते. मिस्त्री त्यांच्या गाडीच्या फुटक्या दिव्यातून काहीतरी उपटत होता.

"साहेब, हरणाचे केस. पुरावा म्हणून ठेवू?"

"फेका ते! गाडी सासऱ्यांची आहे. त्यांना सांगणार, आमच्या गेटला ठोकली."

"अहो, पण हरीण खरंच आडवं आलं ना!"

"आलं, धडकलं आणि टणाटण उड्या मारत पळालंसुद्धा. अडकलो मी! मागे तुझ्या बाबांच्या गेटला ठोकली, तेव्हा हरीणच सांगितलं होतं. पुन्हा हरीण म्हटलं तर विश्वास ठेवतील?"

"तेव्हा तरी कुठे ठेवला?"

"म्हणजे?"

"बाबा गाडी धुताना म्हणाले, जावईबापूंचं हरीण अगदी आपल्या गेटसारखं हिरवं होतं गं!"

"...मिस्त्री, थांबा! ते केस कुठे फेकलेत?"