पांढरं कापड

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर मी मनातल्या मनात नाम घेत बसले होते. शेजारी एक शिंपी आणि त्याची थोरली बहीण.

"रक्त पातळ करायची गोळी तू बंद केलीस, आणि मला पत्ता नाही?"

"बंद कुठे, ताई? पांढरं कापड शिवायला आलं की तेवढ्यापुरती टाळायचो."

"कापडाचा रंग बघून औषध घेतात का रे?"

"सुई बोचली की रक्त लवकर थांबायचं नाही. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर डाग पडला, तर तोंड कसं दाखवायचं?"

"आणि डॉक्टरांना विचारायला तोंड नव्हतं?"

"एवढ्याशासाठी काय विचारायचं, असं वाटलं."

"बोटाला टोपण तरी घालायचंस!"

"त्याने टाका बारीक पडत नाही. हातशिलाईत माझा हात धरणारा कोणी नव्हता, ताई."

"म्हणून मेंदूत रक्ताची गाठ अडकेपर्यंत थांबलास. आता तरी चुकवत नाहीस ना?"

"रोज घेतो. काल पुन्हा पांढरा सदरा शिवायला घेतला होता. डाग पडला."

"मग बोट लगेच दाबून धरायचं, वेड्या."

"सुई बोचली, हे डाग दिसल्यावर कळलं. या हाताला आता काही कळतच नाही गं."