पहिल्या बाकावरचा खेळाडू

"ऑबेडकाका, अठराशे ब्याऐंशीत काढलेला आपल्या गावाचा फुटबॉल क्लब दुसऱ्याच वर्षी का मोडला?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून पोस्टाच्या रांगेत मी विचारलंच. ऑबेडकाका तेव्हाचे गोलकीपर, आणि आमच्यासारखेच चॅपलचे, म्हणजे गावच्या चर्चपासून फुटलेल्या पंथाचे. ते मागे उभ्या सायलसकाकांकडे वळले.

"सांग की हिला."

"पाद्रीबुवांनी क्लब काढला. मग म्हणाले, रविवारी जो माझ्या चर्चमध्ये नाही, तो शनिवारी मैदानात नाही."

"अकरांतले सात आम्ही चॅपलचे."

"सातही बाहेर पडलो."

"सहा. तू पुढच्याच रविवारी त्यांच्या पहिल्या बाकावर होतास."

"खेळायचं होतं रे मला."

"मग खेळलास?"

"पाच जणांत कसली मॅच?"

"आणि चॅपलमध्ये परत आलास तेव्हा?"

"अजून शेजारी कुणी बसत नाही."

घरी पोचल्या पोचल्या मी सांगून टाकलं, "आई, बाबा, पाद्रीबुवांच्या शाळेत शिकवायची जागा दुसऱ्या मुलीला जाऊ दे. त्या जागेसाठी मी चॅपल सोडून त्यांच्या चर्चमध्ये जाणार नाही."