उजेडावर पाय

तुम्ही हसाल, पण उमरठच्या वर आमच्या वाडीत वीसेक वर्षांपूर्वी एका साहेबाने पायवाटेतच सोलरच्या काचेच्या लाद्या बसवल्या. वरून माणसांनी चालायचं आणि त्याच लाद्यांच्या विजेवर संध्याकाळी वाटेवरचा दिवा लागायचा. दिवा छान लागला, पण लाद्यांवर कोणी पाय ठेवीना. सगळी वाडी कडेच्या करवंदीच्या काट्यांतून जायला लागली.

महिन्याभराने साहेब आला आणि भडकलाच. "चाललाच नाहीत, तर लाद्या टिकतात की फुटतात हे मला कळणार कसं? उपटून महाडला नेतो!"

दिवा जाणार म्हटल्यावर शांताकाकी पुढे झाली. "सायेब, जो उजेड देतो त्याला पाय कसा लावायचा?"

"अहो काकी, ही लादी आहे, देव नाय!"

"मग तुमी चाला पुढं. आमी येतो मागनं."

साहेब बुटासकट तरातरा लादीवर चढला आणि दुसऱ्याच क्षणी त्याने वाकून, लादीला हात लावून तो छातीला लावला. आम्ही त्याच्याकडे बघतोय, तो स्वतःच्या हाताकडे.

"काकी," तो हळूच म्हणाला, "ती काट्यातली वाट कुठून जाते?"

दिवा अजून लागतो. लाद्यांवर ओरखडा नाही. त्या चालायला मजबूत आहेत का, विचाराल तर देव जाणे.